भाट्याच्या खाडीतला बॅक्टेरिया ९८.२% मॅच आलाय, नवीन स्पीशीज म्हणायची का?

खाडीकाठ: एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चालू आहे. रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीचं पाणी झोबेल मरीन अगारवर लावलेलं, एक क्रीम रंगाची कॉलनी प्युअर केली, ग्राम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) करून घेतलं, ६९० बेस (डीएनएची अक्षरं) मिळाले, ब्लास्टला (सिक्वेन्स ताडून बघायचं ऑनलाइन साधन) व्हिब्रिओशी ९८.२% मॅच. नवीन स्पीशीजचा कटऑफ ९८.७ आहे ना, मग हा खालीच झाला की! सर म्हणतात पेपर लिही. लिहू का?

पेट्रीवाला: थांब जरा. ६९० म्हणजे एकाच प्रायमरचं (जिथून वाचन सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) रीड दिसतंय, पूर्ण जीन साधारण १५०० बेसचा असतो आणि ते ९८.७ त्याच्यासाठी आहे. रीडची दोन्ही टोकं कचरा असतात, ती कापली नसशील तर तिथेच टक्का घसरला असेल. क्रोमॅटोग्राम (रीडचा पीकवाला आलेख) उघडून बघ आधी. आणि ब्लास्टला कुणीही काहीही नाव देऊन टाकलेले सिक्वेन्स असतात, एझबायोक्लाऊड डेटाबेसवर टाइप स्ट्रेनशीच (त्या त्या स्पीशीजचा अधिकृत नमुना) ताडून बघ.

समुद्रजीव: +१. त्यातून व्हिब्रिओ म्हणजे डोक्याला ताप. एकाच जिनोममध्ये १६एसच्या बऱ्याच कॉपी असतात आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, त्यामुळे डबल पीक येतात. उलटंही होतं, हार्वेयी आणि कॅम्पबेली या व्हिब्रिओच्या दोन स्पीशीज १६एसवर जवळपास सारख्याच दिसतात. कोरम सेन्सिंगवाला (बॅक्टेरियांचं आपसातलं रासायनिक बोलणं) तो प्रसिद्ध चमकणारा बीबी१२० स्ट्रेन कितीतरी वर्षं हार्वेयी म्हणून पेपरांत फिरला, २०१० मध्ये जिनोम ताडून बघितले तेव्हा कळलं की तो कॅम्पबेली आहे. आता बोला.

खाडीकाठ: बापरे. मग करू काय? फंड फारसा नाहीये.

पेट्रीवाला: आधी दुसऱ्या प्रायमरने पूर्ण १६एस कर, त्यात भागलं तर पैसे वाचले. तरीही खालीच राहिला तर जिनोम लागेल, त्याला पर्याय नाही. सगळ्यात जवळच्या टाइप स्ट्रेन्सशी एएनआय (दोन जिनोममधला सरासरी सारखेपणा) ९५-९६% च्या खाली आणि डिजिटल डीएनए हायब्रिडायझेशन (दोन जिनोम किती जुळतात त्याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) ७०% च्या खाली आलं की मग बोलू. टीवायजीएस सर्व्हर फुकट आहे, जिनोम टाकला की हायब्रिडायझेशनचं तोच काढून देतो. फॅटी अॅसिड, पोलर लिपिड वगैरेच्या टेस्ट त्यानंतर.

समुद्रजीव: आणि खरी कटकट पुढेच. नाव व्हॅलिड व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (बॅक्टेरिया जपून ठेवणाऱ्या संस्था) ठेवावा लागतो. एक पुण्यात एनसीएमआरला होईल, दुसरा जर्मनीच्या डीएसएमझेडला किंवा जपानच्या जेसीएमला, पण आपला बॅक्टेरिया देशाबाहेर पाठवायचा म्हणजे जैवविविधता कायदा आला, नॅशनल बायोडायव्हर्सिटी अथॉरिटीचे कागद आले. एमएस्सीच्या मुदतीत हे बसणं कठीण, सरांना आत्ताच सांगून ठेव. थीसिसमध्ये सध्या 'व्हिब्रिओ एसपी.' (म्हणजे स्पीशीज ठरलेली नाही) आणि पुढे स्ट्रेन नंबर लिही, कुणी हरकत घेणार नाही.

खाडीकाठ: ओके, आज दुसरा प्रायमर ऑर्डर करतो. ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेलं कल्चर) मायनस ८० ला आहेत, तेवढे पुरतील ना?

पेट्रीवाला: दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेव. वीज जाते.