श्रद्धा डळमळीत असताना मंडळीत (चर्चमध्ये) जावे का?

प्रश्न: सर्वांना सलाम. आईच्या निधनानंतर गेले सात महिने मी उपासनेला गेलेले नाही, कारण प्रार्थनेचे शब्द ओठांवर येतात पण आत काहीच हलत नाही, आणि अशा अवस्थेत प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) प्याला हाती घेणे मला ढोंगीपणाचे वाटते. घरी एकटीने शास्त्रवाचन करणे पुरेसे नाही का?

उत्तर: ताई, योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय पुन्हा वाचावा. पुनरुत्थित येशू प्रथम आला तेव्हा थोमा हा शिष्य इतर शिष्यांबरोबर नव्हता, आणि येशू उठला यावर त्याचा विश्वास बसेना. मात्र आठ दिवसांनंतर, संशय तसाच असताना, तो त्यांच्यातच होता आणि त्यांनीही त्याला दूर लोटले नव्हते. हवे तर प्रभुभोजन तूर्त घेऊ नका, पण मागच्या बाकावर येऊन बसा. माझा आवाज फुटत नसे त्या वर्षी शेजारच्या आजी गीतांचे पुस्तक माझ्यापुढे सरकवून बोटाने ओळ दाखवीत, एवढेच.

उत्तर: मंडळीतच दुखावलेल्या माणसाला हा सल्ला जड जातो, माझ्या शोकाला एका पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ‘विश्वासाची उणीव’ म्हटले होते. तरीही एकटेपणा हा उपाय नव्हे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडली, तेव्हा त्यांनीही ‘देवाचा दरबार’ या नावाने माणसेच जमवली. दोघातिघांची घरगुती प्रार्थना ही माझ्या मते मंडळीच आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. येत्या रविवारी मागचा बाक गाठीन. गाणे मात्र तूर्त इतरांनीच म्हणावे.