केबल टायची जिभली एकतर तुटते नाहीतर सटकते, डिझाइनमध्ये कुठे चुकतंय?

भोसरीचा_साचेवाला
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे, दोनच मशीन. एका इलेक्ट्रिक पॅनलवाल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या नावाचा केबल टाय पाहिजे, २०० बाय ४.८ मिमी. मला वाटलं त्यात काय एवढं, पट्टी, दात आणि डोकं. बाजारातून एक चांगलं पाकीट आणलं, व्हर्नियर लावून मापं घेतली, कॅडवर काढलं आणि चार कॅव्हिटीचा (एका वेळी चार टाय निघतील असा) साचा करून घेतला.

पहिली ट्रायल निघाली तर अर्ध्या टायमध्ये ओढतानाच डोक्यातली जिभली (पट्टीच्या दातात अडकते ती) कट्टकन तुटतेय. उरलेले बसतात, पण बॅग तोलायचा काटा लावून ओढलं की १२-१३ किलोला सर्रकन मागे. ४.८ ने साधारण २२ किलो धरायला पाहिजे. दाणा (कच्चा माल) नायलॉन ६६, व्हर्जिन, रीग्राइंड (दळून परत वापरलेला माल) अजिबात नाही. जिभलीची जाडी ०.८ मिमी, लांबी ३, आणि पट्टी आत जाताना ती ०.६ वाकते. जाडी १ करू का? स्टील खरवडायचं म्हणजे लगेच होईल, उलट जाडी कमी करायची झाली तर साच्यात स्टील भरायला वेल्डिंग आलं.

निवृत्त_टूलरूम
थांब बाळा, खरवडू नकोस. तू उलट्या दिशेला चाललायस.

आधी हिशोब कर. जिभली म्हणजे एका बाजूने धरलेली छोटी पट्टी, ती वाकली की मुळाशी किती ताणली जाते त्याचं साधं सूत्र आहे, दीड गुणिले जाडी गुणिले वाकणं, भागिले लांबीचा वर्ग. तुझे आकडे टाक, १.५ × ०.८ × ०.६ भागिले ९, म्हणजे ०.०८, म्हणजे ८ टक्के. मशीनमधून निघालेलं कोरडं नायलॉन एवढं सोसत नाही. जाडी १ केलीस की १० टक्के होईल, मग अर्धे नाही, सगळेच तुटतील. जाडी ०.६ आणि लांबी ३.५ धरून बघ, साडेचार टक्क्यांच्या आत येतं.

आता तू म्हणशील पातळ केली तर धरणार कशी. इथेच सगळे फसतात. जिभली वाकून धरत नाही, टेकू लावल्यासारखी धरते. तिचं मूळ पट्टी जिकडून आत शिरते त्या बाजूला आणि टोक बाहेरच्या बाजूला. पट्टी पुढे जाताना टोक बाजूला सारते, पण मागे ओढली की दात टोकाला पकडतो आणि जिभली मुळाकडे दाबली जाते, दाराला आतून काठी टेकवल्यासारखी. जितकं ओढाल तितकी ती पट्टीत रुतली पाहिजे. त्यासाठी दाताची पकडणारी बाजू सरळ उभी किंवा जरा आत झुकलेली लागते. ती बाहेर उतरती झाली की जिभली वर ढकलली जाते आणि सटकते. तुझ्या साच्यात दातांची टोकं कशी आलीत ते भिंगाखाली बघ, मला तिथेच शंका आहे, स्पार्किंगचा (ठिणग्यांनी स्टील कोरायचा) इलेक्ट्रोड झिजला की टोकं गोल होतात.

आणि मुळाशी त्रिज्या दिलीयेस का? टोकदार कोपरा असेल तर चीर तिथूनच सुरू होते.

कॅडवर_रात्रंदिवस
श्रिंकेजचं (थंड होताना माल आकसतो त्याचं) काय? पट्टी लांब पातळ, डोकं जाड, दोन्हीकडे आकुंचन वेगळं, म्हणजे जिभलीवरच्या तीन दातांचा पिच (दातांमधलं अंतर) पट्टीच्या दातांशी जुळणार नाही आणि सगळा भार एकाच दातावर येईल.

निवृत्त_टूलरूम
ऐकायला बरोबर वाटतं, पण गुणाकार कर. फरक अर्धा टक्का धरला तरी तीन दातांचं अंतर दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे चूक ०.०१ च्या आसपास. नायलॉन तेवढं सहज जिरवतं. मात्र तयार तुकड्यावरून मापं घेऊन तीच साच्याला दिली असतील आणि आकुंचन धरलंच नसेल तर दातांची उंची, डोक्याची खिडकी (पट्टी जाते ते भोक), सगळंच बारीक आलं असणार.

भोसरीचा_साचेवाला
काका, आकुंचन दीड टक्का धरलं होतं. त्रिज्या नाही दिली 😬 आणि भिंग लावलं, चारपैकी दोन कॅव्हिटीत दातांची टोकं खरंच गुळगुळीत आहेत.

पाणी_मुरलेला
डिझाइनवाले बोलले, आता प्रोसेसवाल्याचं ऐका. टाय मशीनमधून काढून किती वेळाने ओढून बघितलेत? लगेच ना? मग निम्मे तुटणारच. नायलॉन ६६ हवेतलं पाणी पितं, साधारण ५० टक्के आर्द्रतेत अडीच टक्क्यांपर्यंत, पाण्यात बुडवून ठेवलं तर साडेआठपर्यंत. साच्यातून निघालेला टाय ठणठणीत कोरडा, म्हणून ठिसूळ, पाणी मुरलं की चिवट होतो. बाजारातलं पाकीट हवाबंद असतं ते उगाच नाही, आतला ओलावा टिकावा म्हणून, आणि एकदा फोडलेलं पाकीट उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं की तेच चांगले टाय तुटायला लागतात, मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

गंमत म्हणजे दाणा मात्र कोरडाच पाहिजे. ८० डिग्रीला चार तास तरी ड्रायरमध्ये, ०.२ टक्क्यांच्या खाली, नाहीतर वितळताना साखळ्या तुटतात, चंदेरी रेघा येतात आणि माल असा कमजोर होतो की मग कितीही पाणी पाजा.

करून बघा. १०० टाय तोला, उकळत्या पाण्यात तासभर ठेवा, पुसा, बंद पिशवीत एक दिवस राहू द्या, मग ओढा.

भोसरीचा_साचेवाला
केलं!! तुटणं बंद, ५० मध्ये फक्त २. पण सटकणं वाढलं, आता ९-१० किलोलाच जातायत. इकडे आड तिकडे विहीर झालंय. वजन १५० ग्रॅमचं १६० झालं.

पाणी_मुरलेला
१५० चं १५४ हवं होतं, तुम्ही फारच पाजलंत. सात टक्क्यांच्या जवळ गेलं, एवढं मऊ झाल्यावर सटकणारच. उघडे ठेवा, वजन उतरू द्या, मग परत मोजा. पण अडीच टक्क्यांनाही नायलॉन कोरड्याच्या जवळपास निम्मंच ताठ राहतं, त्यामुळे कोरड्या टायवर आलेला कुठलाही आकडा धरू नका. गिऱ्हाईक वापरेल त्या अवस्थेत टेस्ट करा. आणि काट्याला टाय असाच अडकवू नका, पाईप मधून उभा चिरा, दोन अर्ध्यांवर मिळून टाय आवळा आणि अर्धे एकमेकांपासून ओढा. आयईसी ६२२७५ मध्ये (केबल टायचं आंतरराष्ट्रीय मानक) पण दोन भागांच्या नळीवरच ओढतात.

निवृत्त_टूलरूम
बरोबर. आणि मऊ झाल्यावर सटकतंय त्यावरून अजून एक बघ, पट्टीच्या पाठीमागची भिंत. जिभली पट्टीला त्या भिंतीवर दाबते. तिथे फट जास्त असेल किंवा भिंत पातळ असून फुगत असेल, तर पट्टी मागे सरकते आणि दात निसटतो. डोक्याच्या खिडकीभोवती माल दोन बाजूंनी येऊन पलीकडे भेटतो, तो जोड त्याच भिंतीवर येतोय का तेही बघ. जोडाची जागा नेहमी कच्ची.

हार्नेस_ताई
मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुड्या) लाइनवर आहे, वापरणाऱ्याच्या बाजूने बोलते. किती किलो धरतो हे सगळे विचारतात, आत घालायला किती जोर लागतो हे कोणीच नाही. शिफ्टमध्ये शेकड्याने टाय ओढायचे असतात, जिभली कडक असली की संध्याकाळी अंगठा वर होत नाही. म्हणून काकांची पातळ जिभली मला पसंत. शेपटीला पण दोन-तीन सेंटिमीटर खरखरीत पकड द्या, घामाच्या हाताला गुळगुळीत शेपटी सुटते.

दुसरं, पट्टीच्या कडा गोल करा. साच्याच्या जोडावर जरा जरी फ्लॅश (बाहेर आलेली पातळ कड) राहिला तरी तो वायरच्या इन्सुलेशनमध्ये घुसतो, गाडी थरथरत राहते आणि वर्षभराने शॉर्ट. आणि शेपटी कापल्यावर डोक्याच्या बाहेर टोक उरलं की ते ब्लेडसारखं असतं, माझ्या मनगटावर खुणा आहेत. डोक्याच्या तोंडाशी थोडा खळगा दिलात तर कापलेलं टोक आत राहील.

बाय द वे हा प्रकार आलाच मुळी असल्या हातांमुळे. १९५६ मध्ये थॉमस अँड बेट्स कंपनीचे मॉरस लोगन बोइंगच्या कारखान्यात गेले होते, तिथे कामगार विमानातल्या वायरी मेण लावलेल्या दोरीने गाठी मारून बांधत होते, बोटं सोलायची. १९५८ ला त्यांनी टायच्या पेटंटचा अर्ज केला. सुरुवातीच्या त्या टायमध्ये जिभलीच्या जागी धातूचा दात होता.

भोसरीचा_साचेवाला
ताई, खळग्याची आयडिया भारी, घेतली. मग स्टीलचा दात का नको घालायला? सगळी कटकटच संपेल.

हार्नेस_ताई
तसे टाय आजही मिळतात. पण तुमच्या दोन मशीनवर प्रत्येक डोक्यात तो दात बसवणार कोण? 😀

पाणी_मुरलेला
आणि भावाचं काय ते पण बघा. पॅनलवाला पैशा-पैशाला घासाघीस करतो.

छतावरचा_सोलारवाला
उशिरा आलो. टाय पॅनलच्या आतच राहणार ना? कारण लोक उरलेले छतावर नेतात. सोलापुरात एका साइटवर पांढरे टाय वापरलेले, दुसऱ्या उन्हाळ्यात हात लावला की भुगा, सगळ्या डीसी केबल पत्र्यावर लोंबत होत्या, ते काम परत मी केलं, फुकट. उन्हात ठेवायचा असेल तर कार्बन ब्लॅक लागतो, २ टक्क्यांच्या आसपास आणि नीट मिसळलेला. नुसता काळा रंग म्हणजे कार्बन ब्लॅक नाही, बाजारात काळे दिसणारे खूप आहेत.

भोसरीचा_साचेवाला
अरे देवा, गिऱ्हाइकाचा आजच फोन होता, "काळ्यात पण द्या". म्हटलं मास्टरबॅच (रंगाचा दाणा) टाकून देऊ. आता त्याला आधी विचारतो आत वापरणार की बाहेर.

बाकी ठरलं ते असं, जिभलीची इन्सर्ट (साच्यात बसवलेला सुटा तुकडा) वेगळीच आहे, नशीब, त्यामुळे वेल्डिंग न करता चारही नवीन करतोय, ०.६ जाडी, ३.५ लांबी, मुळाशी ०.३ त्रिज्या. दातांना नवीन इलेक्ट्रोड. पाठीमागची फट कमी करतोय, तिथे मी ०.४ ठेवली होती 🙈. साचेवाला म्हणतो आठ दिवस, म्हणजे पंधरा धरा. ट्रायल झाली की वजन करून, चिरलेल्या पाईपवर ओढून आकडे टाकतो.

निवृत्त_टूलरूम
चारही कॅव्हिटीचे वेगवेगळे टाक. डोक्यावर १, २, ३, ४ नंबर कोरून घे, नाहीतर परत अर्धे-अर्धे म्हणत बसशील.