वानवळा की वानोळा? आणि नेमकं कशाला म्हणायचं?

परवा पारनेर तालुक्यातल्या वहिनींचा फोन आला. "वानवळा पाठवलाय, संध्याकाळच्या गाडीनं येईल, उतरवून घ्या." फोन स्पीकरवर होता. माझ्या मुलीनं विचारलं, "कोण येतंय?" तिला ते पाहुण्याचं नाव वाटलं. आमच्या घरात जन्मलेल्या मुलीला हा शब्द माहीत नाही, हे मला फार लागलं.

माझ्या लहानपणी आत्या वानवळा पाठवायची. भाद्रपदात मुगाच्या हिरव्या शेंगा, थंडीत पहिल्या तोड्याचा वाटाणा, मग हुरड्याची कणसं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, वर सुतळी. कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि इकडे पुण्यात बाबा स्टँडवर उभे. मी सोबत असायचो. गाडी उशिरा आली तर बाबा दर वेळी तीच गोष्ट सांगत, की एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला याच नगर-पुणे रस्त्यावर धावली. घरी येऊन गाठोडं सोडलं की पहिली शेंग बाबा हातात घेऊन नुसती हुंगायचे, मग आमच्या हातात. आत्या जाऊन सहा वर्षं झाली, पण वहिनींनी गाठोडं चालू ठेवलंय.

तर प्रश्न दोन. आत्या 'वानवळा' म्हणायची, माझे मराठवाड्यातले मित्र 'वानोळा' म्हणतात. बरोबर काय? आणि बाजारातून आणलेली आंब्याची पेटी कुणाला दिली, तर तिला वानवळा म्हणता येईल का?

*

लातूरकडून लिहितोय. आमच्याकडं वानोळाच. 'वानोळा धाडला', 'वानोळा आणला' असं म्हणतात. आजोबा शेताकडून येताना धोतराच्या सोग्यात हरभऱ्याचे ढाळे आणायचे आणि घरी यायच्या आधी गल्लीतल्या तीन घरांत देऊन यायचे. आम्ही दारात वाट बघत बसलेलो, आणि सोगा निम्मा रिकामा! तेव्हा राग यायचा. आजी म्हणायची, "आधी वानोळा, मग आपलं."

पेटीचं म्हणाल तर नाही. विकत घेतलेलं दिलं तर ती भेट. वानोळा आपल्या रानातला पाहिजे. शिजवलेलंही आम्ही त्यात धरत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात येऊ न शकलेल्यांच्या घरी भज्जी-आंबिलीचा डबा जातो, पण त्याला कुणी वानोळा म्हणत नाही, डबाच म्हणतात.

*

दोन्ही रूपं बरोबर आहेत. 'अव'चा 'ओ' होणं मराठीला नवीन नाही. लवण वरून लोण आलं, त्यातलंच लोणचं. नवनीत वरून लोणी. वानवळ्याचा वानोळा त्याच वळणानं झाला. स्वयंपाकघरातल्याच शब्दांची साक्ष मिळावी हे मला आवडलं.

मात्र 'वान' आणि 'वाण' यांत गोंधळ होतो, तो टाळावा. संक्रांतीचं वाण संस्कृत 'वायन'पासून. ज्वारीचा वाण म्हणजे बियाण्याची जात. 'वाण नाही पण गुण लागला' यातला वाण म्हणजे रंग, 'वर्ण'पासून. आणि वानवा म्हणजे टंचाई, म्हणजे वानवळ्याच्या अगदी उलट! एका अक्षराचा फरक, पण एकात घर भरतं आणि दुसऱ्यात रिकामं राहतं. अर्थानं सगळ्यात जवळचा शब्द मला 'वानगी' वाटतो. वानगीदाखल म्हणजे नमुन्यादाखल. यंदा रानात काय पिकलं, कसं पिकलं, त्याची चव तुम्हीही बघा, हा वानवळ्यातला भाव तिथेही आहे. म्हणूनच तो थोडा असतो. माझी आई म्हणायची, वानवळ्याला माप नसतं, पण पोतं झालं की तो माल.

*

गोव्यात आमच्याकडे वजें असतं, म्हणजे ओझं. चवथीला माहेरून नव्या लेकीच्या सासरी फळं, गोडधोड जातं. पण ते मानाचं, ठरलेलं. काय गेलं, किती गेलं, याची चर्चा होते. वानवळ्यात तसलं काही दिसत नाही, म्हणून हा शब्द मला जास्त जवळचा वाटला. परसातला पहिला फणस फोडला की आई गरे केळीच्या पानात गुंडाळून शेजारी पाठवायची, त्याला आम्हाला वेगळं नावच नव्हतं. आता मिळालं.

*

मी टोरांटोला राहते. शेतातलं ताजं काही इथे आणता येत नाही. पण सासूबाई दर वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर सांडगे आणि मेतकूट पाठवतात, आणि पिशवीवर पेननं लिहितात: 'वानवळा. उन्हात ठेव.' पहिल्या पावसाच्या दिवशी, म्हणजे इकडे बर्फाच्या दिवशी, मऊ भात, तूप, मेतकूट. लातूरच्या दादांना शिजवलेलं चालत नाही, पण हाताने केलेलं, वाळवलेलं चालायला हवं. सासूबाईंच्या गच्चीवरचं ऊन आहे त्यात.

*

लातूरचाच पुन्हा. ताई, चालेल. तुमच्या सासूबाईंनी स्वतः लिहिलंय म्हटल्यावर माझा नियम कुठं टिकतो?

*

सगळ्यांचे मनापासून आभार. गाठोडं उतरवून आणलं. आता फडक्याच्या जागी नायलॉनची पिशवी असते, सुतळी मात्र तीच. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिघं वाटाणा सोलायला बसलो. दर चौथी शेंग तोंडात. मुलीला ही चर्चा वाचून दाखवली. तिनं वहिनींना निरोप पाठवला, "वानोळा पोचला." वहिनींनी लगेच दुरुस्त केलं, "वानवळा गं!"

पिशवी परत पाठवायची आहे. आत्याकडे भांडं किंवा फडकं रिकामं परत गेलेलं तिला चालत नसे, म्हणून आई त्यात साखर नाहीतर चितळ्यांची बाकरवडी घालायची. या परत जाणाऱ्या वस्तूला काय म्हणतात, हे वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सासूबाई काहीच म्हणायच्या नाहीत. उघडून बघायच्या आणि हसायच्या."