मनाची तयारी नसेल तर दारू सुटतच नाही, हे मला पटत नाही

पंचगंगाकाठ
माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. बारा वर्षं पितोय, त्यातली गेली तीन सकाळपासून. हात इतके थरथरतात की चहा कपबशीत घेतच नाही. स्टीलच्या पेल्यात अर्धाच घेतो, दोन्ही हातांनी धरून, भिंतीकडे तोंड करून.

मागच्या आठवड्यात मी एका व्यसनमुक्ती केंद्रात चौकशीला गेले. पहिलाच प्रश्न, "त्यांची स्वतःची तयारी आहे का? नसेल तर झाली की आणा." परतीच्या एसटीत मला रडू आवरेना. ज्या डोक्याचा ताबा दारूने घेतलाय, त्यालाच विचारायचं की तुझी तयारी आहे का? आधी अंगातली दारू उतरू दे, माणूस जरा शुद्धीवर येऊ दे, मग विचारा तयारीचं. माझं मत पक्कं आहे, पण विरोधात कुणाला लिहायचं असेल तर जरूर लिहा. निर्णय घ्यायचा आहे.

नववं_वर्ष
ताई, मी विरोधात लिहितो. मला दारू सोडून नववं वर्ष लागलंय.

पहिल्यांदा मेहुण्याने आणि चुलतभावाने "जोतिबाला जायचंय" म्हणून गाडीत बसवलं आणि केंद्राच्या दारात उतरवलं. महिनाभर राहिलो. गटात काय बोललं की समुपदेशक खूश होतात, ते चार दिवसांत कळलं. तेच बोललो. सुटलो त्या संध्याकाळी स्टँडवर प्यायलो. पण खरं नुकसान पुढे झालं. दोन वर्षं मी घरच्या कुणाच्या गाडीत बसलो नाही. काविळीने डोळे पिवळे झाले तरी दवाखान्यात जायला गाडीत चढेना, कारण पुन्हा फसवतील ही धास्ती.

दुसऱ्यांदा स्वतः गेलो. मोठं काही घडलं नव्हतं. एका मंगळवारी देशीचं दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसलो होतो आणि वाटलं, आज नको. उठून तसाच एसटीत बसलो. ते 'आज नको' बाहेरून कुणी आत घालू शकत नाही.

सावली
दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्हाला तुमचा मंगळवार मिळाला. माझ्या नवऱ्याला मिळाला नाही.

सहा वर्षं मी ऐकलं, "त्याने मनावर घेतलं पाहिजे." सासू म्हणायची, भाऊ म्हणायचे, डॉक्टरही म्हणायचे. मी वाट पाहिली. शेवटच्या वर्षी पोटात पाणी व्हायचं, ते सुईने काढायचे, बादली भरायची. तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. पूर्ण तयारी होती हो. लिव्हर उरलं नव्हतं. ४४ व्या वर्षी गेले. पंचगंगाकाठताई, वाट बघू नका.

ओपीडी_बाक
सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

'तयारी आहे का' हा प्रश्न बदलाच्या टप्प्यांच्या मांडणीतून आलाय. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून ती मांडली. विचारच नाही, मग विचार सुरू, मग तयारी, मग कृती. पुन्हा घसरणंही त्यांनी धरलेलं आहे. माणूस कुठे उभा आहे हे ओळखून त्याच्याशी बोलावं, यासाठी ही मांडणी. दार लावून घेण्यासाठी नव्हे. "तयारी झाली की आणा" म्हणणाऱ्याने काम अर्धवट सोडलं, असं माझं मत.

शिवाय तयारी पायरीपायरीनेच चढते असंही नाही. २००६ मध्ये रॉबर्ट वेस्ट यांनी इंग्लंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी छापली. सोडण्याचे जवळजवळ निम्मे प्रयत्न आधी न ठरवता केलेले होते, आणि तेच जास्त टिकलेले दिसले. ते सिगारेटचं आहे, दारूचं नाही, पण नववं_वर्ष यांचा मंगळवार वाचून मला तेच आठवलं.

आम्ही बाकावर शेजारी बसून विचारतो, "दारू कमी करावी असं किती वाटतं, शून्य ते दहा?" समजा तो म्हणाला तीन. आपल्या तोंडावर येतं, "तीनच का?" तिथे चूक होते, तो लगेच दारूची बाजू मांडायला लागतो. विचारायचं, "एक का नाही? तीन का म्हणालात?" मग तो स्वतःच्या तोंडाने सोडण्याची कारणं सांगतो. आणि ऐकायचं. मध्ये उपदेश नाही.

दोन गोष्टी मात्र तयारीवर सोडायच्या नाहीत. सकाळीच हात थरथरतात, म्हणजे शरीर दारूवर चाललंय. घरी कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, त्यात जीवही जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दुसरं, जिवाला धोका असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात संमतीशिवाय दाखल करण्याची तरतूद आहे. दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. गाडीत कोंबणं त्यात बसत नाही. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

नववं_वर्ष
पटलं, एक सोडून. कायद्याने नेलं तरी माणसाला आधी तोंडावर सांगा. "तुला केंद्रात नेतोय, का नेतोय." शिव्या देईल, देऊ दे.

सावली
सांगा, पण शिव्या ऐकून माघार घेऊ नका. मी प्रत्येक वेळी घेतली.

पंचगंगाकाठ
काल रात्री विचारलं. अंक विचारताना मलाच कसंतरी झालं, भावाशी असं कधी बोललेच नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार." माझ्या तोंडावर 'चारच का' आलं होतं, गिळलं. विचारलं, दोन का नाही? म्हणाला, "मागात धागा भरताना हात थांबत नाही गं. पोरं माझ्या हातातून घेतात आणि भरतात. काही बोलत नाहीत." एवढंच. मग उठून बाहेर गेला, पिऊन आला.

माझं आधीचं मत सगळं बदललेलं नाही. चारवर थांबून दहाची वाट बघणार नाही. पण जोतिबाचं नावही सांगणार नाही. आज सकाळी त्याला सांगितलं, गुरुवारी सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत जायचं, फक्त थरथरीसाठी. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

ओपीडी_बाक
केसपेपर सकाळी लवकर काढा, नंतर रांग वाढते. आणि गुरुवारी तो नाही म्हणाला, तर तुम्ही एकट्या या. घरच्यांशीही आम्ही बोलतो.

सावली
ताई, भावजयीला बरोबर न्या.