मदत हवी आहे : कॅनन १५००डी वर रोज फिरायला एकच लेन्स कोणती ठेवावी? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मामेभावाने मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना कॅनन १५००डी माझ्याकडे आला. सोबत दोन लेन्सेस आल्या, १८-५५ आयएस टू आणि ५५-२५० आयएस एसटीएम (आकडे फोकल लेंग्थचे, एमएममध्ये : लहान आकडा म्हणजे रुंद चौकट, मोठा म्हणजे लांबचं जवळ). आतापर्यंत मोबाईलवरच सगळं चालायचं, आता एव्ही मोड (एफचा आकडा आपण ठरवायचा, लहान आकडा म्हणजे जास्त उजेड), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते), शटर हे जमेल तसं शिकून राहिलो आहे. लेन्सच्या बाबतीत मात्र जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो, म्हणून हा धागा.

माझं फिरणं असं : सुटीच्या दिवशी सकाळी बर्डी, महाल, इतवारी पायी. संध्याकाळी फुटाळा, नाहीतर अंबाझरी तलाव. मधेच घरचं बारसं, साखरपुडा. तिथे आता मला ‘फोटोवाला’ करून टाकलं आहे. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, ती तर सोडायचीच नाही.

अडचण लेन्स बदलण्याची आहे. मारबतीच्या गर्दीत खांद्याला खांदा लागलेला, खाली धूळ, मागून ढकलाढकली. अशा वेळी बॉडी उघडी करून लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ बोलावणंच. इतवारीच्या गल्लीत मारबत इतकी जवळ येते की १८ वरही फ्रेममध्ये मावत नाही, आणि तीच पुढच्या चौकात गेली की ५५ पुरत नाही. दुसरी लेन्स बॅगेत, बॅग पाठीवर, आणि पाठीला लोक चिकटलेले.

दुसरी अडचण उजेडाची. उजाडायच्या आधी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एक फोटो घेतला. एकच बल्ब, ठेलेवाले काका पोह्यांवर तर्री ओतत आहेत. ५५ एमएम, एफ/५.६, आयएसओ १६००, शटर १/१५. गंजावरचा (पातेल्यावरचा) तर्रीचा ओघळसुद्धा स्पष्ट आला आहे, पण काकांचा हात आणि पळी पार पुसून गेली. मला तर हातच पाहिजे होता.

डोक्यात चार नावं आहेत : कॅननची १८-१३५, सिग्माची १७-५० एफ/२.८, कॅननची २४ एमएम एफ/२.८ ती चपटी, आणि ५० एमएम एफ/१.८. बजेट वीस-पंचवीस हजार, सेकंडहँड चालेल. घरून प्रश्न आलाच आहे की दोन आहेत ना, मग तिसरी काऊन? त्याचं उत्तरही इथूनच मिळालं तर बरं.

‘फुल फ्रेम घ्या’ (म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद

भाऊ, आधी तो पोह्यांचा फोटो, कारण त्यात अर्धं उत्तर आहे.

गंज स्पष्ट आणि हात पुसलेला, याचा अर्थ कॅमेरा हलला नाही, हात हलला. गंज स्पष्ट आला ही आयएसची, म्हणजे लेन्समधल्या कंप आवरणाऱ्या यंत्रणेची कामगिरी. १५००डी चा सेन्सर क्रॉप आहे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, १.६ पट, ५५ एमएमची चौकट फुल फ्रेमवरच्या ८८ एमएमएवढी. जुन्या हिशोबाने हातात धरून १/९० च्या आसपास शटर लागायला हवा होता. तुम्हाला १/१५ वर गंज सापडला, कारण लेन्सने तुमच्या हाताचा कंप सांभाळला. समोरच्याचा हात थांबवणं आयएसच्या हातात नाही, तिथे शटरच वाढवावा लागतो.

आता हिशोब करा. एफ/५.६ वरून एफ/२.८ ला आलात तर चौपट उजेड, म्हणजे १/१५ चा शटर १/६० होतो. आयएसओ ३२०० केलात तर १/१२५. ओतणारा हात इथे बराचसा थांबेल. सिग्मा १७-५० ची बाजू एवढीच, पण ती भक्कम आहे.

मात्र पैसे न घालताही काही मिळतं. तुमची १८-५५ सगळीकडे एफ/५.६ नाही. २४ च्या आसपास ती साधारण एफ/४ असते, म्हणजे एक स्टॉप (दुप्पट उजेड) तिथेच सुटला. झूम मागे घ्या आणि स्वतः पुढे जा. हात तेवढाच मोठा दिसायला निम्म्याहून कमी अंतरावर उभं राहावं लागेल, वाफेपासून काच मात्र जपा. २४ वर एफ/४, आयएसओ ६४००, आणि शटर पुन्हा १/१२५. दाणे दिसतील. पण दाणेदार हात हा नसलेल्या हातापेक्षा कधीही चांगला. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि एक्स्पोजर कमी ठेवून नंतर उजळवत बसू नका. आयएसओ आधीच वाढवलेला बरा.

दुसरं, लेन्स निवडण्याआधी स्वतःचे फोटो तपासा. कॉम्प्युटरवर फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये उघडा, वरच्या कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करून फोकल लेंग्थचा कॉलम जोडा आणि त्यानुसार फोटो क्रमाने लावा. तुम्ही खरोखर कुठल्या आकड्यावर उभे असता ते कळेल. एकच करा, फक्त आवडलेले फोटो घ्या. सगळे घेतले तर किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ ची) सवय दिसेल, तुमची नाही.

प्रतिसाद

२४ एमएम घ्या आणि मोकळे व्हा. १२५ ग्रॅमची लेन्स, बिस्किटाच्या पुड्याएवढीही नाही. क्रॉपवर ३८ एमएमच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसतं त्याच्या जवळचं. महालाच्या गल्लीत मोठी लेन्स पाहिली की लोक एकतर सरळ उभे राहतात, नाहीतर तोंड फिरवतात. या चपटीकडे कोणी पाहत नाही. झूम नसला की पाय चालतात आणि फोटो सुधारतात. घरचं बारसंही यातच निघतं, हॉलमध्ये ५० लावून पाठ भिंतीला टेकली तरी ग्रुप मावत नाही.

प्रतिसाद

वरच्या दादांचं एका बाबतीत पटतं, ५० एमएम क्रॉपवर ८० होते आणि घरात अडचणीची पडते. नवशिक्यांना सगळे जण डोळे मिटून ‘फिफ्टी घे’ सांगतात ते स्वस्त आहे म्हणून. पोर्ट्रेटला सुंदर, फिरायला नाही.

पण ‘पाय चालतात’ हे मारबतीत सांगू नका हो! तिथे पाय आपले नसतातच, गर्दी नेईल तिकडे जायचं. मी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येताना उभी राहिले आहे. एकदा जागा मिळाली की मिळाली, मग पुढे नाही, मागे नाही. तिथे झूमच लागतो. बडग्यांवरच्या (मारबतीसोबतच्या पुरुषी पुतळ्यांवरच्या) पाट्या वाचता येतील असा फोटो हवा असेल तर २४ काय कामाची? त्या पाट्यांतच तर सगळी गंमत असते.

माझं मत १८-१३५. सकाळी लावायची आणि घरी येईपर्यंत बॉडी उघडायची नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते ती पाहता एवढ्या एका कारणासाठीही घ्यावी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रतिसादातल्या ताई, तुम्ही म्हणता तसा कॉलम लावून पाहिला, फक्त आवडलेल्या फोटोंचा. निकाल मजेशीर आहे. दोन्ही टोकांना ढीग आणि मधे जवळजवळ सपाट. १८ ते २४ मध्ये बरेच, मग एकदम ५५ वर बरेच. ५५-२५० चे फारच थोडे, आणि तेही बहुतेक फुटाळ्यावर एका जागी बसून काढलेले.

आणखी एक दिसलं. रात्रीचे, पहाटेचे, घरातले, असे कमी उजेडातले सगळे १८-२४ वाले. ५५ वाले जवळजवळ सगळे भर दिवसाचे. तो पोह्यांचा एक अपवाद.

मग आता सिग्मा का १८-१३५?

प्रतिसाद

(पहिल्या प्रतिसादातलीच.) मग तुमच्या फोटोंनीच निकाल दिला. ५५ वर ढीग म्हणजे झूमची रिंग तिथे जाऊन अडत होती. तुम्हाला पुढे जायचं होतं आणि लेन्स संपत होती. सिग्मा १७-५० तर त्याच्याही आधी संपते. काच उत्तम, पण तुमची अडचण जिथे आहे तिथे ती उपयोगी नाही. शिवाय ५६५ ग्रॅम, हलक्या १५००डी वर पुढे झुकते.

लांबचे फोटो दिवसाचे आहेत, म्हणजे १३५ ला एफ/५.६ असली तरी बिघडत नाही. नागपूरच्या उन्हात एफ/८ करूनही शटर उरतो. अंधारातले जवळचे आहेत, तिथे २४ जवळ थांबा आणि आयएसओ वाढवा. पुढे पैसे साठले तर चपटी २४ घ्याच, ती १८-१३५ सोबत खिशात राहते. त्या दादांचं चुकलेलं नाही, क्रम मात्र दुसरा.

एक पर्याय त्याआधी तपासून पाहा. तुमचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, ६००० बाय ४००० पिक्सेल. ५५ वर काढून मधला निम्मा भाग कापला तर ११० एमएमची चौकट मिळते आणि ३००० बाय २००० पिक्सेल उरतात. मोबाईलवर पाठवायला, दहा इंची प्रिंट काढायला पुरे. तेवढ्यावर भागत असेल तर पंचवीस हजार वाचले. मात्र कापलेल्या भागात किट लेन्सचा मऊपणाही दुप्पट मोठा होऊन दिसतो. दोन-चार फोटो कापून पाहा आणि ठरवा.

धागाकर्ता

कापून पाहिले. मोबाईलवर ठीक, प्रिंटसाठी मन मानेना. बडग्याच्या पाटीवरची अक्षरं फुटली. १८-१३५ पक्की.

इथे एकाकडे सेकंडहँड मिळून राहिली आहे. पाहायला जाताना काय काय तपासू? एसटीएम आणि यूएसएम (फोकसच्या मोटरचे दोन प्रकार) दोन्ही दिसतात, फरक पडतो का?

प्रतिसाद

फोटोसाठी दोन्ही चालतात. नंतरची, २०१६ ची यूएसएम जास्त झटपट फोकस करते, पळणारी पोरं किंवा तान्हा पोळा काढायचा तर फायदा होतो. भावात फार फरक नसेल तर ती घ्या. हुड (लेन्सच्या तोंडावरचं उन्हाचं आडोसं) मात्र एकमेकींना बसत नाही, एसटीएमला ईडब्ल्यू-७३बी आणि यूएसएमला ईडब्ल्यू-७३डी. विकणाऱ्याकडे हुड असेल तर मागून घ्या, आपल्या उन्हात तो शोभेचा नाही. फिल्टर दोघींनाही ६७ एमएम.

पाहायला जाताना आपली बॉडी आणि कार्ड सोबत न्या, त्याच्या कॅमेऱ्यावर पाहून घेऊ नका. लेन्स काढून दोन्ही टोकांनी आत मोबाईलचा टॉर्च मारा. दोन-चार धुळीचे कण असणारच, त्यांनी फोटो बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी, सरळ उठून या, कितीही स्वस्त देत असला तरी. मग १८, ५०, १३५ वर एकेक फोटो घ्या, वर्तमानपत्र भिंतीला लावून चारही कोपरे पाहा. एका बाजूचेच कोपरे धूसर असतील तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. एफ/११ वर डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून लेन्समधल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्या सारख्या मिटतात का तेही बघा.

प्रतिसाद

डेप्थ ऑफ फील्डचं बटण १५००डी ला सरळ नाही हो, मेनूतून सेट बटणावर नेमावं लागतं. नाहीतर एफ/११ ठेवून लेन्समध्ये समोरून पाहत शटर दाबायचा, पात्या दिसतात.

आणि नाव नीट वाचा. ईएफ किंवा ईएफ-एस लिहिलेलं पाहिजे. ‘आरएफ’ लिहिलेली कॅननची लेन्स मिररलेसची, तुमच्या बॉडीवर बसणारच नाही. जाहिरातीत बरेच जण नुसतं ‘कॅनन लेन्स’ टाकतात.

बुरशीवरून एक खास नागपुरी सूचना : लेन्स कूलरच्या खोलीत उघडी ठेवू नका. बाहेर कितीही कोरडं असो, वाळ्याच्या ताट्यांमधून रात्रभर ओली हवा खोलीत येत असते आणि कपाट त्याच भिंतीला असतं. झाकणाचा हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, बस. आणि मे महिन्यात कारच्या डिकीत विसरू नका.

धागाकर्ता

यूएसएम घेतली, हुडसकट. टॉर्च मारला, कोपरे पाहिले, सगळं साफ निघालं. डबा स्वयंपाकघरातून मिळाला आहे, त्यावर वेगळी चर्चा झाली ते सोडा.

आता १८-५५ आणि ५५-२५० दोन्ही काढून टाकतो, म्हणजे घरच्या प्रश्नालाही उत्तर होईल.

प्रतिसाद

१८-५५ खुशाल काढा, पैसे तुटपुंजेच येतील. ५५-२५० काढू नका राजेहो. आज ना उद्या कोणीतरी उमरेड-कऱ्हांडल्याला नाहीतर पेंचला जिप्सीत बसवेलच, आणि तिथे १३५ मध्ये वाघ हरभऱ्याएवढा येतो.