'अकोमोडेशन'ला मराठीत काय म्हणावं: निवास, सवलत की सोय?

आमच्या महाविद्यालयात एका चुकीच्या शब्दापायी एका मुलीला नाहक खेटा पडला, म्हणून हा प्रश्न विचारते आहे.

अपंग विद्यार्थ्यांसाठीचं परिपत्रक इंग्रजीत आलं होतं. त्यात 'रीझनेबल अकोमोडेशन' असा शब्द होता. कोणीतरी त्याचं 'वाजवी निवास व्यवस्था' केलं आणि कागद सूचनाफलकावर लागला. दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाची एक मुलगी कुबडी टेकत, दोन जिने चढून ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी आली. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि तीन फोटो नीट लावलेले. "मॅडम, होस्टेलचा फॉर्म कुठं मिळेल? नोटिशीत लिहिलंय, आम्हाला रूम मिळणार म्हणून." ही मुलगी रोज दीड तास एसटीनं येते. रूम नाही, तो शब्दच चुकलाय, असं तिला सांगावं लागलं. तिनं फोल्डर सॅकमध्ये ठेवलं आणि विचारलं, "मग काय मिळणार आहे?" मला एका शब्दात सांगता आलं नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या संज्ञेची व्याख्या आहे. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं आपले हक्क वापरता यावेत म्हणून त्या त्या वेळी करायचे आवश्यक आणि योग्य बदल, संस्थेवर प्रमाणाबाहेर बोजा पडणार नाही अशा बेतानं, असा तिचा आशय. वर्ग तळमजल्यावर आणणं, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात छापणं, ओठ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या बाकावर जागा देणं, हे सगळं त्यात येतं. आणि असा बदल नाकारणं हा भेदभाव, असंही तोच कायदा म्हणतो. म्हणजे शब्द असा हवा की ऐकणाऱ्याला उपकार वाटू नये.

मी काही शब्द लावून पाहिले. 'समायोजन' म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना अतिरिक्त शिक्षकांना दुसरीकडे सामावून घेणंच आठवतं. 'अनुकूलन' अर्थानं जवळचा वाटतो, पण शाळेच्या विज्ञानात आपण शिकलो ते उंटाचं आणि निवडुंगाचं अनुकूलन, म्हणजे परिसर आहे तसाच राहतो आणि जिवानं त्याच्याजोगं व्हायचं. इथं नेमकं उलटं हवंय, बदलायचं आहे ते इमारतीनं आणि परीक्षापद्धतीनं. एवढ्यासाठीच तो मला नको वाटतो. उरले 'सवलत', 'सुविधा' आणि 'सोय'. तुम्ही काय वापरता?

*

ताई, मी अंध आहे, पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपवलं. 'दिव्यांग' की 'अपंग' या वादात मी शिरत नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवल्यापासून तो सरकारी कागदावर रुळला, आता महाराष्ट्रात त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे. मला स्वतःला सरळ 'अंध' म्हटलेलं आवडतं.

'सवलत' मात्र कृपया नको. सवलत म्हणजे एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सूट. ती चांगलीच आहे, मी घेतोही. पण पेपर मला वाचता येईल अशा रूपात मिळणं ही सूट कशी होईल? पेपर तोच, गुणही तेवढेच.

वेळेचंच बघा. तीन तासांच्या पेपरला लेखनिक घेणाऱ्याला एक तास अधिक मिळतो, तर सगळे त्याला 'जादा वेळ' म्हणतात. माझे मित्रही म्हणायचे, "तुला काय, जादा तास आहे." केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं होतं की 'जादा' किंवा 'अतिरिक्त' वेळ हे शब्द बदला आणि 'भरपाईचा वेळ' म्हणा. तो ताशी किमान २० मिनिटं द्यायचा. २०१८ च्या सूचनांतही ते कायम आहे. भरपाई कशाची? प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, उत्तर शब्द न् शब्द सांगायचं, 'र्‍हस्व की दीर्घ' विचारलं तर थांबायचं, लिहिलेलं पुन्हा वाचून घ्यायचं, या सगळ्यात जो वेळ जातो त्याची. शब्द बदलला की हिशेब कळतो. पण अजून सूचनाफलकावर 'जादा वेळ'च असतो.

आम्ही आपसात लेखनिकाला 'रायटर' म्हणतो. "रायटर मिळाला का?" हा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा आमचा ठरलेला प्रश्न. 'लेखनिक' हा शब्द हॉलतिकिटावर भेटतो, फोनवर कधीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाची आठवण झाली. लोकसेवा परीक्षेच्या त्या उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प' होता, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार. अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं की लेखनिकाचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर मिळतं, सवलतींनाही सहसा तोच दाखला लागतो. तुम्ही ज्याला शब्द शोधताय ते गरजेवर मिळतं. दोन्हींना एकच शब्द लावला की खिडकीवरचा कारकून दोन्हींना एकच दाखला मागणार.

अजून एक. आमच्या विभागाच्या मराठी नोट्स श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असायच्या. त्या फॉन्टांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण माझ्या संगणकावरचं एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, इंग्रजी अक्षरांचा भुसा वाचून दाखवतं. "पीडीएफ पाठवली आहे" म्हणजे "वाचता येईल असं पाठवलं आहे" नव्हे. त्याच नोट्स युनिकोडमध्ये असत्या तर काही सांगावंच लागलं नसतं.

*

मी बांधकामावर देखरेखीचं काम करतो, त्यामुळे 'रॅम्प'बद्दल थोडं. त्याला 'उतरण' म्हणा असं कोणी सुचवेल, पण मिस्त्री 'स्लोप' म्हणतात आणि बाकी सगळे 'रॅम्प'. तेच राहू द्या. अडचण अशी की 'रॅम्प आहे' एवढं लिहिलं की काम झालं समजतात. प्रमाण आहे १:१२. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तर रॅम्प १८ फूट लांब हवा. मी पाच-सहा फुटांत उरकलेले पाहिलेत. त्यावरून व्हीलचेअर एकट्याला चढवता येत नाही आणि उतरताना आवरत नाही. त्यापेक्षा 'सुगम्य' हा शब्द मला आवडतो. २०१५ पासून सुगम्य भारत अभियानामुळे कानावर आहे. फाटकापासून वर्गापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत स्वतःचं स्वतः जाता आलं तर सुगम्य. 'प्रवेशयोग्य' नको, कॉलेजात प्रवेश म्हणजे ॲडमिशन.

*

दोघांचेही मनापासून आभार. 'सुगम्य' मलाही पटला. 'अगम्य' आपण न समजणाऱ्या गोष्टीला म्हणतो, 'बोधगम्य' समजणाऱ्याला. म्हणजे 'गम्य'मध्ये जाणंही आहे आणि कळणंही. तेव्हा जिन्यालाही चालेल आणि कृतिदेवातल्या पीडीएफलाही.

'सवलत' मी खोडला. खोडताना थोडं वाईट वाटलं, कारण मूळ अरबीत तो सुलभतेचा शब्द, हिंदीत 'सहूलियत' अजून त्याच अर्थानं आहे. मराठीत येऊन तो सूट देण्याघेण्याचा झाला आणि आता मागे फिरणार नाही. 'वाजवी' मात्र ठेवते आहे. आपल्याकडे तो 'वाजवी दरात' असा दुकानाच्या पाटीवर दिसतो, म्हणून आधी मला हलका वाटला होता. पण तो 'वाजिब'वरून आलेला, आणि वाजिब म्हणजे जे करणं आपल्यावर लागू आहे ते. आणि 'सोय' तर आपल्या घरातला शब्द. सोय जाणेल तो सोयरा, असं आपण म्हणतोच. सोय जाणायची म्हणजे समोरच्याला काय लागतं ते आधी विचारायचं.

तर 'वाजवी सोय'. परिपत्रकाचा नवा मसुदा असा केला आहे: "अपंगत्वामुळे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा परीक्षा यांत अडचण येत असल्यास वाजवी सोय मिळणे हा तुमचा हक्क आहे. कोणती सोय हवी ते तळमजल्यावरील कार्यालयात सांगा." 'तळमजल्यावरील' मी मुद्दाम घातलं. खिडकी खाली हलवायला प्राचार्य तयार झाले आहेत.

एक अडलंय. सोबत जोडायच्या कागदाला कार्यालय 'विनंती अर्ज' म्हणतंय. हक्क म्हणायचं आणि खाली विनंती करायला लावायची, हे मला बरोबर वाटत नाही. 'मागणीपत्र' म्हटलं तर संघटनेचं निवेदन वाटतं. नुसतं 'सोयीचा अर्ज' चालेल का?