विषय: भाचीची प्रवेशपरीक्षा – तर्काचे प्रश्न आणि वैद्यकीय परिभाषा

प्रेषक: एक सभासद, टोरांटो

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझी भाची परळला राहते. फिजिओथेरपीची पदवी घेऊन ती तिथल्याच एका रुग्णालयात काम करते आणि आता इकडच्या एका विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी अर्ज करत आहे. त्यासाठी तिला हेल्थ सायन्सेस रीझनिंग टेस्ट आणि विद्यापीठाची वैद्यकीय परिभाषेची परीक्षा, अशा दोन परीक्षा द्यावयाच्या आहेत. सरावात तिला तर्काच्या प्रश्नांतच कमी गुण मिळतात. विषय आपलाच असताना असे का व्हावे, हे तिला उमगत नाही. या क्षेत्रातील जाणकार सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, दादर, मुंबई

सौ. ताईंस सप्रेम नमस्कार.

मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले. विषय आपला असल्यामुळेच तिचे गुण जात असावेत, असे माझे मत आहे. तर्काची ही परीक्षा वैद्यकीय ज्ञान तपासत नाही. प्रसंग आरोग्यक्षेत्रातले असले, तरी उत्तरासाठी लागणारी माहिती प्रश्नातच दिलेली असते आणि तिच्यावरून कोणता निष्कर्ष निघतो व कोणता निघत नाही, एवढेच विचारलेले असते. रोज रुग्ण पाहणारी व्यक्ती मात्र उताऱ्यात नसलेली गोष्ट अनुभवातून नकळत भरून काढते आणि वास्तवात खरा, पण उताऱ्यावरून सिद्ध न होणारा पर्याय निवडते.

तिच्या परळचेच उदाहरण देतो, कारण हाफकिन संस्था तिच्या रोजच्या परिसरात आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा कमी आढळले. आता प्रश्न असा समजा: ‘पुढीलपैकी कोणती माहिती खरी ठरल्यास लस परिणामकारक असल्याचा निष्कर्ष दुबळा होईल?’ लस उपयोगी ठरली, हा इतिहास इथे कामाचा नाही. दोन्ही गट एकाच तुरुंगात, एकाच अन्नपाण्यावर होते, ही या तुलनेची ताकद आहे. पण पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट असते, किंवा त्यांना वेगळ्या बराकीत ठेवलेले असते, तर फरक लसीमुळेच पडला असे म्हणता आले नसते. दोन गटांत लसीखेरीज आणखी काय वेगळे असू शकेल, हे तिने प्रत्येक उताऱ्यापाशी स्वतःला विचारावे. सराव करताना निवडलेल्या पर्यायाचा आधार असलेले वाक्य अधोरेखित करावे, आणि असे वाक्य सापडत नसेल तर तो पर्याय कितीही ओळखीचा वाटला तरी सोडून द्यावा. माझ्या मते ही एक सवय दहा सराव प्रश्नपत्रिकांपेक्षा मोलाची आहे.

परिभाषेबद्दल थोडक्यात लिहितो. शब्दांच्या याद्या पाठ न करता त्यांचे घटक शिकावेत. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘ऑटमी’ म्हणजे छेद देणे आणि ‘ऑस्टमी’ म्हणजे नवे तोंड तयार करणे, हे पक्के झाले की न पाहिलेला शब्दही उलगडतो. एकाच अवयवाला ग्रीक आणि लॅटिन अशी दोन मुळे असतात, तेव्हा ती जोडीने लिहावीत. मूत्रपिंडासाठी नेफ्रायटिसमध्ये ग्रीक मूळ आहे, तर रीनलमध्ये लॅटिन. परीक्षक हमखास जिथे अडवतो, ती स्थळे म्हणजे जवळजवळ सारखे दिसणारे शब्द. डिसफेजिया म्हणजे गिळण्यातील अडचण आणि डिसफेझिया म्हणजे भाषेतील. इलियम उच्चाराला एकच, पण इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकाने कटीचे हाड (ilium) किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग (ileum). अ‍ॅबडक्शन (अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे) आणि अ‍ॅडक्शन (मध्यरेषेकडे आणणे) यांत घोटाळा होऊ नये म्हणून वॉर्डात ‘ए-बी’ आणि ‘ए-डी’ अशी अक्षरे सुटी उच्चारतात, हे तिला माहीत असेलच. तोच शिरस्ता तिने इतर जोड्यांनाही लावावा.

प्रेषक: एक सभासद, टोरांटो

आदरणीय सर, मनःपूर्वक आभार. आपले पत्र तिला वाचून दाखवले. उताऱ्यांचे तिच्या ध्यानात आले. परंतु तपासणीच्या निकालांवरील टक्केवारीचे प्रश्न अजूनही चुकतात, असे ती म्हणते.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, दादर, मुंबई

ताई, तिने टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजावीत. समजा, 1000 जणांपैकी 1 टक्का, म्हणजे 10 जण आजारी आहेत, आणि तपासणी आजाऱ्यांपैकी 90 टक्के लोकांना आजारी व निरोग्यांपैकी 90 टक्के लोकांना निरोगी ठरवते. तर 10 पैकी 9 आजारी सापडतील. पण उरलेल्या 990 निरोग्यांपैकी 99 जणांचा निकालही चुकून पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 108 जणांत खरे आजारी 9, अर्थात बारांत एक. ‘90 टक्के अचूक’ हे शब्द वाचताच 90 टक्के हा पर्याय निवडण्याचा मोह होतो आणि तो पर्याय तिथे त्याचसाठी ठेवलेला असतो. आजार मुळात किती जणांना आहे, हा आकडा उताऱ्यात आधी शोधावा. तो दिलाच नसेल, तर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ हेच उत्तर असू शकते. परीक्षेत गणकयंत्र वापरता येते की नाही, हे विद्यापीठाच्या सूचनापत्रात पाहून मगच तिने सरावाला बसावे. चि. भाचीस अनेक आशीर्वाद.